मचूळ

हेमांगी निघाली तेव्हा मी विचारलं,
बेट म्हणजे केवढं गं?
म्हणाली, आपल्या जुव्याएवढंच, आई.
फक्त भोवती खाडी नाही,
भोवती सगळा समुद्रच.
आणि डोंगर?
डोंगर नाही. सगळ्यात उंच जागा म्हणजे
विमानतळाच्या टोकाला साठलेला कचऱ्याचा ढीग.
मी हसले. ती हसली नाही.

इंजिनीअर व्हायला लोक जर्मनीला जातात,
तरीवरचा नाखवा म्हणाला. ही पाण्यात काय बांधणार?
टिकाऊ, मी म्हटलं. टिकाऊ बांधायचं शिकतेय.
पुढचं मलाही माहीत नव्हतं.

रोज दिवेलागणीला फोन येतो.
तिथे मध्यरात्र उलटलेली असते.
आज पाणी किती?
चिखलात रोवलेल्या बांबूवर तिनंच पट्टे मारलेत,
एक लाल, एक पांढरा.
तिसऱ्या काढायला उतरते तेव्हा बघून ठेवते.
लाल सोडून दोन बोटं वर, सांगते.
ती म्हणते, बोटं नको, सेंटीमीटर सांग.
मग मी पट्टी घेऊन परत जाते, ओहोटीत,
पोटरीभर चिखलात.

भरतीचं गणित तिला मीच शिकवलं होतं,
तिथीची पाऊणपट.
ते तिनं तिथल्या फळ्यावर लिहिलं म्हणे,
आणि लोसा नावाची बाई,
वर्गात सगळ्यात म्हातारी, चार नातवंडांची,
उठून वहीत उतरवून घ्यायला लागली.

तिथेही अळूच खातात.
माणूसभर खड्डा खणतात, गोडं पाणी लागेपर्यंत,
आणि त्यात लावतात.
आता उधाणाला समुद्र वरून येत नाही,
खालून येतो, जमिनीच्या पोटातून,
बुडबुडे काढत.
पानं आधी कडेनं पिवळी पडतात.
मी विचारलं, खाजतं का ते अळू? चिंच घालतात?
नारळाचं दूध घालतात, म्हणाली,
आणि थोडा वेळ दोघींनाही भूक लागली.

माघात पार्सल आलं. पेनाएवढं यंत्र.
पाण्यात बुडवलं की खारटपणाचा आकडा येतो.
खाडीत बुडव, उघाडीच्या दोन्ही अंगांना बुडव.
बुडवलं. आकडे धाडले.
विहिरीत बुडव असं ती म्हणाली नाही
आणि मी बुडवलं नाही.

दोन उन्हाळे झाले, डाळ शिजत नाही.
साबण नुसता फिरतो अंगावर.
न्हाणीमागच्या अळवाची पानं
कडेनं करपलेल्या घावनासारखी.
प्यायचं पाणी होडीतून आणते,
पलीकडून, हमीदाबींच्या विहिरीचं. दोन कळश्या.
त्या म्हणतात, पोरीला सांग.
मी म्हणते, परीक्षा होऊ दे.

चैत्री पुनवेला, भर उधाणात,
बादली खाली सोडली.
आकडा आला. यंत्र पदराला पुसून पुन्हा बुडवलं.
तोच.
तेवढाच धाडला. जागेचं नाव लिहिलं नाही.

हे कुठलं?
मग बराच वेळ काही नाही.
मग, चहा कुठल्या पाण्याचा करतेस?

फोन लावला तर ती बोलेना.
मागे कुणीतरी पत्र्याच्या टाकीवर ठोकत होतं.
शेवटी म्हणाली, लोसानं फुटक्या होडीत लावलंय अळू.
तळाला नारळाची सोडणं, वर पाला, मग माती,
आणि पाणी छपराचं.

फुटक्या होड्या आमच्याकडे कमी नाहीत.
सासऱ्यांची उपडी होती, ती उताणी केली,
भेगांना डांबर लावलं, हमीदाबींच्या नातवांनी
ओढून पन्हळीखाली आणून दिली.
माती पलीकडच्या सड्यावरची. सात फेऱ्या.
नाखव्यानं सहाचेच पैसे घेतले.

सगळे कंद हलवले नाहीत.
दोन विहिरीपाशीच ठेवलेत, बांबूसारखे,
रोज बघायला.
आज सांगितलं तिला, उजवीकडच्याचं तिसरं पान,
कड दीड सेंटीमीटर.
लिहून घेतलं तिनं.
मग विचारलं, हात खाजतायत का?
खाजतायत, म्हटलं.
आमसूल चोळ, म्हणाली.
हेही मीच शिकवलं होतं.